येळवशीच्या आत: वॅगनआरला दुसरी, छोटी बॅटरी (नोंद ३)

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) औशाकडच्या शेतात दिवसभर गाडीत गाणी लावली, भज्जी-आंबील हाणली आणि संध्याकाळी चावी फिरवली तर नुसतं कट्-कट्. आख्ख्या भावकीसमोर चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जंपर लावून गाडी चालू करावी लागली. गाण्यांची बॅटरी वेगळी करायची, हे तिथंच ठरलं.

ज्याला विचारावं तो म्हणतो मोठी घे. एकानं तर इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर) सुचवली. ती मी कुठं ठेवू, मांडीवर? शिवाय गाडी चालू असताना अँपला (अ‍ॅम्प्लिफायरला) करंट पुरवतो इंजिनवर फिरणारा ऑल्टरनेटर. बॅटरीचा हिशोब फक्त इंजिन बंद असतानाचा. म्हणून आधी मोजायचं ठरवलं. वायरीला चिमटा लावून करंट मोजायचा साधा क्लॅम्प मीटर इथं चालत नाही, तो फक्त एसी दाखवतो. डीसीवाला एका इलेक्ट्रिशियन मित्राकडून आणला. चार चॅनलचा अँप आणि ड्रायव्हर सीटखालचा ८ इंची सब (सबवूफर) मिळून, गप्पा मारता येतील अशा आवाजाला सरासरी ६ अँपिअर. आवाज चढवला की ११-१२, आणि ढोलकीच्या थापेला काटा वीसपर्यंत उडी मारतो.

पहिला प्रयोग फुकटात केला. फवारणी पंपातली १२ व्होल्ट १२ एएचची बॅटरी काढली आणि जोडली. कागदावर १२ एएच म्हणजे १२ अँपिअरला एक तास. प्रत्यक्षात पस्तिसाव्या मिनिटाला अँप बंद. बॅटरी दीड सिझन वापरलेली होती हे खरं, पण मूळ गोम वेगळीच आहे. डबीवरचा एएच आकडा २० तासांच्या सावकाश खर्चाचा असतो, म्हणजे या बॅटरीला ०.६ अँपिअरचा. जोरात उपसलं की लेड-अ‍ॅसिड हात आखडते. प्रत्येक थापेला व्होल्टेज ११.२ वर यायचं आणि सबचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सोयाबीनवर फवारणी होती. आण्णा पंप पाठीला लावून बटण दाबायलेत, पंप गप्प. "पंपाची बॅटरी कुटं घातलास रे?" प्रयोग संपला.

मग लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). वजन कमी, व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं, मन तिकडंच ओढ घेत होतं. पण या सेलना साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात. मे महिन्यात लातुरात दुपारी उन्हात उभ्या गाडीत थर्मामीटर ठेवून बघितला: ५८. दार उघडून बसलो, इंजिन चालू केलं की लगेच चार्जिंग सुरू. नको. ज्यांची गाडी कायम सावलीत असते त्यांनी जरूर घ्यावी.

शेवटी घेतली १२ व्होल्ट २६ एएचची सीलबंद व्हीआरएलए, म्हणजे पाणी घालावं न लागणारी लेड-अ‍ॅसिड. वजन आठेक किलो, १६६ बाय १७५ बाय १२५ मिलिमीटर. जमेची बाजू अशी की ही आडवी ठेवली तरी चालते (उलटी नाही). शेजारच्या सीटखालचा ट्रे काढला तर १२५ ची उंची बरोबर बसली, वर बोटभर जागा उरली. पाणी घालायची साधी बॅटरी कृपा करून केबिनमध्ये ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

वायरीत मात्र फसलो. ऑनलाइन "४ गेज" किट मागवलं, जाडजूड, लाल, चकचकीत. तार ब्लेडनं खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम, आणि जाडी अर्धी-अधिक प्लास्टिकचीच. ते दिलं टाकून. गंजगोलाईच्या बाजारातून १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल अडीच मीटर आणि लग्ज (वायरीच्या टोकाच्या कड्या) आणले. पुढच्या, म्हणजे गाडीच्या मूळ बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज, सीटखालच्या बॅटरीजवळ दुसरा. दोन्ही लागतात, कारण केबल कुठं घासली तर दोन्ही टोकांकडून आग आहे. मध्ये व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले: १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला तोडतो. माझी गाडी २०११ ची, ऑल्टरनेटर इमानदारीत १४.२ देतो, म्हणून हे चालतं. नव्या गाड्यांत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) व्होल्टेज कमीजास्त करतो; तिथं हा रिले गोंधळेल, डीसी-डीसी चार्जरच बघा.

रविवारी इंजिन बंद करून दोन तास वाजवलं. अर्धा तास थांबून मोजलं: छोटी १२.३ व्होल्ट, पुढची जागची हलली नाही, १२.६. पहिल्या चावीत गाडी चालू. माझं समाधान इथंच झालं असतं, पण मीटर हातात होता. रिले जुळताच छोटी बॅटरी १७ अँपिअर ओढायला लागली, आणि तिच्या अंगावर छापलंय कमाल ७.८. चार-पाच मिनिटांत ८ च्या खाली आली, तरी रोजचं हे बरं नव्हे. म्हणून नियम केलाय, दोन तासांपुढं वाजवायचं नाही. "वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं की भरते" असं सांगणाऱ्यांनी गणित करावं. वीस मिनिटांत जेमतेम तीन एएच जातात, खर्च झालाय बाराचा.

येळवस मात्र दिवसभराची. गोठ्यावर १०० वॅटचं सोलर पॅनेल रिकामं पडलंय. चांगल्या उन्हात पाच-साडेपाच अँपिअर देतं, म्हणजे गप्पांच्या आवाजाचा खर्च जवळपास तिथंच निघतो. कंट्रोलर आणलाय, स्टँड वेल्डिंगला टाकलाय. तोवर डाव्या दाराच्या पत्र्यातून थापेबरोबर काहीतरी खडखडतंय ते शोधतोय. आण्णांचं म्हणणं, स्क्रू ड्रायव्हर आत राहिलाय.