पहिले पंधरा किलोमीटर राखून पळा: खान्देशातल्या रनरसाठी फुल मॅरेथॉनचा पेस

डिसेंबर-जानेवारीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पहाटे साडेपाचला दहा-बारा अंशांची थंडी पडते. हवा कोरडी असते, घाम अंगावर टिकत नाही आणि पाय आपोआप उचलले जातात. अशा हवेत तयार झालेला रनर मुंबईच्या फुल मॅरेथॉनला उभा राहतो तेव्हा सुरुवातीला त्याला सोपा वाटणारा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) आणि शरीराला ४२.१९५ किलोमीटर पेलणारा पेस यांत किलोमीटरमागे वीस-तीस सेकंदांचं अंतर पडतं. "सुरुवातीला हळू पळा" असं प्रत्येक जण सांगतो. पण हळू म्हणजे किती आणि कुठपर्यंत, हे आकड्यांत मांडल्याशिवाय तो सल्ला बिब (छातीवरचा नंबर) लावल्यावर कामाला येत नाही.

आधी टार्गेट खरं हवं. नुकतीच पळालेली हाफ मॅरेथॉन हा त्याचा सगळ्यात भरवशाचा आधार. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायचं रीगेलचं सूत्र वापरलं (अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात) तर हाफच्या वेळेला साधारण २.०८५ ने गुणावं लागतं, म्हणजे २ तास ५ मिनिटांच्या हाफवरून फुलचं उत्तर येतं ४ तास २१ मिनिटं. आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर पळणाऱ्याला हे जमू शकतं. आपल्याकडे नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून पळणारे बहुतेक जण पस्तीस-चाळीसवर असतात. त्यांनी हाफची दुप्पट करून त्यात किमान वीस मिनिटं मिळवावीत. २:०५ ची हाफ असेल तर ४ तास ३० मिनिटं. पहिलीच फुल असेल तर तीस मिनिटं मिळवली तरी मला ती जास्त वाटत नाहीत.

४:३० चा सरासरी पेस येतो ६:२४, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा धरण्यापेक्षा असा वाटून घ्यावा: पहिले ५ किलोमीटर ६:३५ ने, ६ ते १५ पर्यंत ६:२५ ने, १६ ते ३२ पर्यंत ६:२२ ने. या हिशेबाने १५ किलोमीटरला घड्याळात १ तास ३७ मिनिटं होतात, हाफला २:१६ च्या जरा आत आणि ३२ ला ३:२५. उरलेल्या १०.१९५ किलोमीटरसाठी जवळपास ६५ मिनिटं हाती राहतात, म्हणजे ६:२१ चा पेस. उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा दोनेक मिनिटांनी कमी वेळात होतो. यालाच नेगेटिव्ह स्प्लिट म्हणतात. ही पद्धत फक्त हौशी रनरची नाही. केल्विन किप्टमने २०२३ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पूर्वार्ध ६०:४८ चा होता आणि उत्तरार्ध ५९:४७ चा.

सुरुवातीला राखून पळायचं ते इंधनासाठी. पळताना किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला साधारण १ किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण अंतराला सुमारे २,७०० लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) रूपात साधारण १,६०० ते २,००० एवढीच साठवण असते. बाकीचं चरबीतून यावं लागतं. चरबी अंगात भरपूर असते, पण ती सावकाश जळते. पेस जितका वाढेल तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो, आणि पाचव्या किलोमीटरला उधळलेलं ग्लायकोजेन पंधराव्याला हळू पळून परत मिळत नाही. तीस-पस्तीसच्या दरम्यान "वॉल लागली" म्हणतो तेव्हा पाय जड होतात, डोकं सुन्न पडतं आणि पेस ६:२४ वरून एकदम आठ-साडेआठवर जातो. पहिल्या दहा किलोमीटरला दर किलोमीटरमागे पंधरा सेकंद वाचवले तर हाती अडीच मिनिटं येतात. शेवटच्या आठ किलोमीटरला दीड-दोन मिनिटं प्रत्येकी गेली की बारा ते सोळा मिनिटं जातात. "आधी वेळ जमा करून ठेवू, नंतर खर्चू" हा हिशेब मॅरेथॉनमध्ये कधीच जुळत नाही.

आता घड्याळ. जीपीएस घड्याळ उंच इमारतींमध्ये बऱ्याचदा अंतर जास्त मोजतं. शिवाय मोजलेल्या रस्त्याची सगळ्यात आखूड रेषा कुणीच पळत नाही. शर्यत संपताना घड्याळात ४२.५ ते ४२.८ दिसणं नेहमीचं आहे. म्हणजे घड्याळात सरासरी ६:२४ दिसत राहिली तरी वेळ ४:३० च्या पुढे जाते. ४२.६ धरले तर घड्याळातली सरासरी ६:२० हवी. याला सोपा उपाय म्हणजे ऑटो लॅप (घड्याळाने स्वतःच दर किलोमीटरची वेळ नोंदवणं) बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबणं. एखादी पाटी चुकीच्या जागी लावलेली असू शकते, म्हणून एका लॅपवरून घाबरू नका, सलग तीन बघा. स्क्रीनवर क्षणाक्षणाचा पेस ठेवू नका, तो सतत उड्या मारतो. लॅप पेस आणि एकूण वेळ एवढंच पुरे. १०, १५, हाफ, ३२ या चार ठिकाणच्या वेळा हातावर पेनाने लिहून घ्या.

हार्ट रेटवर पळणाऱ्यांसाठी एक इशारा. थंडीत मनगटावरचा सेन्सर कधी कधी नाडीऐवजी पावलांची लय पकडतो आणि आरामात पळतानाही १७०-१७५ दाखवतो. छातीचा पट्टा असेल तर तो वापरा. नसेल तर बोलून बघा: पहिले पंधरा किलोमीटर शेजारच्याशी दम न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चार शब्दांत श्वास घ्यावा लागत असेल, तर घड्याळ काहीही सांगो, पेस जास्त आहे. उत्तरार्धात त्याच पेसला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जातेच. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, अंग तापतं आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. त्यासाठीची जागा सुरुवातीलाच मोकळी ठेवावी लागते.

स्टार्टला आपल्या टार्गेटच्या पेसरच्या (ठरलेल्या वेळेचा झेंडा घेऊन पळणाऱ्याच्या) थोडं मागे उभं राहा. वेळ चिपवर मोजली जाते, त्यामुळे रेषा ओलांडायला पाच मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही. पहिल्या दोन किलोमीटरची गर्दी ही खरं तर मदतच आहे. डावी-उजवीकडून घुसून लोकांना मागे टाकण्यात अंतरही वाढतं आणि प्रत्येक झटक्याला ग्लायकोजेनही जातं. पेसरबरोबर पळायचं असेल तर पहिल्या दोन-तीन किलोमीटरचे लॅप तपासा. काही पेसर चढ आणि पाण्याच्या टेबलांसाठी आधीच वेळ काढून ठेवतात आणि ६:२४ ऐवजी ६:१० ने सुटतात. तसं दिसलं तर झेंडा पुढे जाऊ द्या.

आता हवा, आणि इथे आपल्याकडच्या रनरने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. मुंबईत जानेवारीत पहाटे पाचच्या सुमारासही तापमान अठरा-वीसच्या घरात असतं आणि दमटपणा भरपूर. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग थंड राहतं, दमट हवेत तो नुसता गळतो. जळगाव-भुसावळचा उन्हाळा सोसलेला माणूस "उष्णतेची सवय आहे" म्हणतो, पण ती सवय कोरड्या उन्हाची, आणि तीही जानेवारीपर्यंत बरीचशी उतरलेली असते. थंडीतल्या लाँग रनला जो पेस आरामाचा होता, त्यात मुंबईसाठी किलोमीटरमागे दहा ते पंधरा सेकंद मिळवा आणि टार्गेटही तेवढं मागे घ्या. तिथला पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर येतो. चढाला श्वास तोच ठेवा आणि पेस वीस-तीस सेकंदांनी पडू द्या. उतारावर तो सगळा भरून काढायला गेलात तर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा चुराडा होतो.

शर्यत आपल्याच भागात असेल तर अडचण उलटी. सुरुवात गारव्यात होते, सूर्य सातच्या सुमाराला वर येतो आणि नऊनंतर ऊन डोक्यावर. साडेसहाला सुटलेला ४:३० चा रनर शेवटचा दीड-दोन तास उन्हात असतो. इथे थंडीचा फायदा घ्यावा असं वाटतं, पण पहिल्या पंधराचा पेस तोच ठेवा. टोपी, आणि प्रत्येक टेबलावर एक पेला मानेवर-डोक्यावर.

खाण्याचं गणित तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. रावेर-यावलच्या मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, बहुतेक जेलमध्ये २२ ते २५, गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात नऊच्या आसपास. पहिलं खाणं ४० मिनिटांच्या आत, भूक लागायच्या आधी, आणि मग दर ३०-३५ मिनिटांनी. पेस राखून ठेवण्याचा इथेही उपयोग होतो: वेगात पळताना रक्त पायांकडे जातं आणि पोट काम करत नाही, म्हणूनच अनेकांना पंचविसाव्या किलोमीटरला जेल बघूनच मळमळतं. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एका पेल्यात घोळून प्यायलं तर जुलाब ठरलेले. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पेलेच्या पेले पाणी पिणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. शर्यतीनंतर वजन वाढलेलं असेल तर पाणी जास्त झालं. आदल्या रात्री शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी बाजूला ठेवा. तेल, तिखट आणि उडदाचा चोथा सकाळी त्रास देतो. संध्याकाळी सातच्या आत मऊ भात-वरण किंवा खिचडी, तूप बेताचं.

पाण्याच्या टेबलापाशी तीस-चाळीस पावलं चाला. पंधरा-वीस सेकंद जातात, ते पुढच्याच किलोमीटरला भरून काढू नका. ते पुढच्या चार-पाच किलोमीटरांवर आपोआप विरतात.

राखून पळणं हे सरावात शिकावं लागतं, शर्यतीच्या दिवशी ते अचानक जमत नाही. तीन महिन्यांत निदान तीन लाँग रन अशा करा: २८ ते ३० किलोमीटर, पहिले २० सात मिनिटांच्या पेसने, शेवटचे ८ ते १० टार्गेटच्या ६:२४ ने. रस्ता मात्र विचारपूर्वक निवडा. महामार्गावर कापसाचे आणि केळीचे ट्रक पहाटेच सुटतात, तिथे अंधारात पळू नका. पाटाच्या कडेचे रस्ते किंवा गावजोड रस्ते बरे, आणि तिथेही रिफ्लेक्टरचं जाकीट, पुढे टॉर्च, वाहनं समोरून येतील अशी बाजू. जळगावकरांना मेहरूण तलावाभोवतीच्या फेऱ्या सोयीच्या, बाटली एका जागी ठेवता येते आणि प्रत्येक फेरीचा वेळ घेता येतो. धुळ्याच्या लोकांना चढाच्या सरावाला लळिंगकडचा भाग आहे. तापीकाठच्या सपाटीवरच पळणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी चढ शोधावा, पूल चालेल.

३२ ला पोचल्यावर हिशेब करा. वाक्य अजून बोलता येतंय, पोट ठीक आहे, पोटऱ्या फडफडत नाहीत, तर किलोमीटरमागे पाच सेकंद जलद पळा आणि दोन किलोमीटर तोच पेस ठेवा, मग पुन्हा बघा. इथे दहा-पंधरा सेकंदांची उडी मारली की पोटरीत गोळा येतो. गोळा यायची लक्षणं दिसली तर पाऊल आखूड करा, टाच जमिनीला लागू द्या, अर्धा मिनिट चाला. त्याने जास्तीत जास्त मिनिटभर जातं. ३८ च्या पुढे उरलंसुरलं सगळं खर्चायला हरकत नाही.

निकाल लागला की एकूण वेळेआधी ५-५ किलोमीटरचे चिप स्प्लिट (त्या-त्या टप्प्याच्या वेळा) काढून बघा. ५ ते १० आणि ३५ ते ४० या दोन तुकड्यांच्या पेसमध्ये दहा सेकंदांच्या आत फरक असेल तर टार्गेट बरोबर होतं. पस्तीसनंतरचा पेस तीस सेकंदांहून जास्त पडला असेल आणि खाणं-पाणी नीट झालं असेल, तर पुढच्या शर्यतीचं टार्गेट दहा मिनिटांनी मागे घ्या आणि पहिले ५ किलोमीटर आणखी दहा सेकंदांनी हळू पळा.