आप्पांच्या मापाचे मोजे

बाजारातल्या मोज्यांचं इलॅस्टिक आप्पांच्या पोटरीवर वळ उठवायचं. वय ७४, पाय संध्याकाळी सुजणारे, आणि ऐन थंडीतही पहाटेची रंकाळ्यावरची फेरी चुकवायची नाही. म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी ठरवलं, मोजे घरीच विणायचे. स्वेटर, टोपडी आईकडून लहानपणीच शिकले होते, पण मोज्यांच्या वाटेला तीही कधी गेली नव्हती. "टाच बघूनच मी सुया खाली ठेवल्या हुत्या," ती म्हणाली.

पहिला मोजा एका छापील नमुन्यावरून विणला, ७२ टाक्यांचा. आप्पांनी घातला तर तळव्याखाली चुण्याच चुण्या. ते काही बोलले नाहीत, पण चार पावलं चालून हळूच काढून ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांची चप्पल करायला टाकण्यासाठी आम्ही चप्पल लाइनीत गेलो. कारागिरानं कागदावर पाय ठेवायला सांगितला, भोवती पेन्सिल फिरवली, मग चवड्यावरून फीत फिरवून आकडा लिहिला. आणि हे दोन्ही पायांचं, वेगवेगळं. मी तिथेच उभी राहून विचार करत होते: मी नमुन्यातले टाके मोजले, आप्पांचा पाय मोजलाच नाही.

घरी येऊन फीत काढली. उजवा चवडा २४ सेंटीमीटर, डावा साडेपंचवीस. तरुणपणी तालमीत डावा पाय दुखावला होता, तेव्हापासून तो रुंदच आहे. लांबी दोन्हींची २६.

मोजा पायापेक्षा थोडा लहानच हवा, हे मला तोवर माहीत नव्हतं. विणलेलं कापड ताणतं, आणि ताणलं तरच ते पायाला धरून बसतं. चवड्याच्या घेरापेक्षा साधारण १० टक्के कमी धरायचं. पुण्याहून ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉनचा धागा मागवला. नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. अडीच मिलिमीटरच्या, दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुया घेतल्या. आधी एक छोटा तुकडा गोलच विणला, धुऊन वाळवला आणि मोजला: १० सेंटीमीटरला २८ टाके, ४० ओळी. हिशेब सोपा झाला, उजव्याला ६० टाके, डाव्याला ६४. दोन्ही आकड्यांना चारनं भाग जातो, म्हणजे दोन टाके सुलट, दोन उलट अशी बॉर्डर बरोबर जुळते.

तरी दुसरा मोजाही फसला. सुरुवातीचे टाके मी घट्ट घातले होते, आणि काठ टाचेवरून चढेचना. काठाला सर्वात जास्त ताण तिथंच पडतो. पुन्हा उसवून या वेळी दोन सुया जोडून धरल्या, त्यांच्यावर टाके घातले आणि मग एक सुई काढून घेतली. काठ छान सैल आला.

खरी कसोटी टाचेची. ६० पैकी ३० टाके पुढच्या बाजूला तसेच ठेवले आणि उरलेल्या ३० टाक्यांवर मागे-पुढे ३० ओळींची पट्टी विणली. सुलट ओळीत एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा. त्यानं पट्टी दुहेरी, जाड होते. मग टाच वळवायची. १७ टाके सुलट, पुढचे दोन एकत्र विणून एक करायचे, एक सुलट, आणि टाके शिल्लक असतानाच मोजा फिरवायचा. त्या बाजूनं एक टाका उचलून पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, की पुन्हा फिरवायचा. पुढे दर ओळीला मधला भाग एका टाक्यानं वाढतो आणि जिथं खाच दिसते, तिथले दोन टाके एकत्र होतात. वाचताना काहीच उमगलं नव्हतं. हातात मात्र चौथ्या-पाचव्या ओळीला कापडाची आपोआप वाटी व्हायला लागली. मी आईला हाक मारली. तिनं त्या वाटीत अंगठा घालून बघितलं आणि कितीतरी वेळ मोजा हातातून सोडलाच नाही.

तीसचे १८ टाके उरले. पट्टीच्या दोन्ही काठांवरून १५-१५ नवे टाके उचलले, पुढचे ३० धरून एकूण ७८ झाले, आणि दर दुसऱ्या फेरीत दोन कमी करत पुन्हा ६० वर आले. कोपऱ्यात भोक पडतं. तिथं एक टाका जास्तीचा उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर विणला की बुजतं.

मोजा लांबीलाही सेंटीमीटरभर कमीच ठेवला. टाचेच्या मागच्या टोकापासून साडेवीस सेंटीमीटर झाल्यावर बोटांकडचे टाके कमी करायला घेतले, आणि शेवटचे १६ टाके समोरासमोर ठेवून सुईदोऱ्यानं टाक्यासारखेच जोडले. शिवण राहिली असती तर बोटांना टोचली असती.

डावा तसाच, फक्त ६४ टाक्यांचा. ओळखायला त्याच्या काठाला लाल दोऱ्याचा एक टाका घातला. आप्पा पहाटे दिवा लावून आधी तो टाका शोधतात. पहिल्या दिवशी फेरीवरून परतले तेव्हा पँट वर करून पोटरी दाखवली. "बघ, वळ न्हाई एक बी." आता आईचे पाय मोजायचे आहेत. टाच ती स्वतः वळवणार म्हणते.