टेपवरचा आकडा

आज विश्रामबागच्या डॉक्टरांना बाळाला दाखवून आणलं. गेला आठवडाभर घरात एकच विषय होता, डोकं. आत्याबाई येऊन गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, अंगापेक्षा डोकंच मोठं दिसतंय, आणि लांबट पण." मग काय, रात्रभर माझा मोबाईल आणि मी.

बाळ गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यातच जन्मलेलं. वय पाच महिने, पण दोन वर्षांचं होईपर्यंत वाढ मोजायची ती बाळंतपणाच्या ठरल्या तारखेपासून, म्हणजे आता तीनच महिने. मी घरी तुलना करत होते पूर्ण दिवसांच्या पाच महिन्यांच्या बाळांशी!

डॉक्टरांनी न ताणली जाणारी टेप भुवयांच्या नि कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली. बाळानं टेपच धरली, म्हणून परत मोजलं. मग वाढीच्या तक्त्यावर टिंब. मागची टिंबं आणि हे, रेघ नीट वर चाललेली. एकट्या आकड्यापेक्षा त्या रेघेला महत्त्व, असं म्हणाले. शिवाय लवकर जन्मलेल्या बाळांचं डोकं कुशीवर झोपवून झोपवून लांबट होतंच, आणि मेंदू आधी वाढत असल्यानं अंगापेक्षा मोठंही वाटतं. टाळू फुगली, उलट्या वाढल्या, बाळ मलूल पडलं किंवा डोकं एकदम झपाट्यानं वाढलं, तर मात्र लगेच यायचं.

मालिशवाल्या मावशींना डोकं दाबून गोल करायला सक्त मनाई. त्या रुसल्यात. रुसू देत. आत्याबाईंना फोन अजून केलेला नाही.