बर्फाने बुजवलेली भेग

घरात दोन बिघाड होते, पण घरच्यांना एकच दिसत होता: घर गरम ठेवणारा बॉयलर बंद. रात्री पारा उणे दहाच्या खाली गेला होता, पहाटे खोल्यांना ऊब देणारे रेडिएटर गार पडले आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात नळाला पाणी येईना. मी प्लंबर; फोनवर त्या घरातला मुलगा मला म्हणाला, "पोटमाळ्यावरचा पाइप गोठलाय. ब्लो टॉर्च आणलाय, शेकवू का?"

मी जवळजवळ ओरडलोच. टॉर्च ठेव, आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर आणि न्हाणीघरातला नळ उघडा सोड. "पाणी येतच नाहीये, तर व्हॉल्व्ह कशाला बंद करायचा?" असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर त्याला तिथे पोचून वर गेल्यावर दाखवलं.

पण त्याआधी स्वयंपाकघरात थांबावं लागलं. आजींनी ऊब यावी म्हणून शेगडीचे सगळे बर्नर पेटवले होते आणि दार-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. डोकं जड झालंय, म्हणाल्या. मी बर्नर बंद केले, खिडकी सताड उघडली, त्यांना बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं आणि डोकं हलकं होईपर्यंत पुढच्या कामाला हात लावला नाही. बंद खोलीत गॅस नीट जळला नाही की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. थंडीच्या दिवसांत मला फुटलेल्या पाइपापेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते.

पोटमाळ्यावर तांब्याच्या पाइपाला बोटभर लांबीची भेग पडली होती, कडा बाहेर उलटलेल्या. आत बर्फ चमकत होता, आणि खाली थेंबही नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप फाटतो, बऱ्याचदा बर्फापासून लांब. इथे भेग बर्फानेच बुजवलेली होती. टॉर्चने तो वितळला असता तर मेन लाइनचं पाणी पूर्ण दाबाने छत भिजवत खाली आलं असतं. लाकडी तुळयांजवळ ज्योत न्यायची जोखीम वेगळीच. आम्ही हेअर ड्रायर घेतला, नळाच्या टोकाकडून सुरुवात करत मागे सरकलो, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट राहते. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे बादलीभर पाणी आलं, बस्स. फाटका तुकडा कापून दोन टोकं जोडणारं कपलिंग टाकलं.

आता बॉयलर. हा कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुराच्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणारा. ते किंचित आम्लयुक्त पाणी एका बारीक प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर सोडतात. भिंतीबाहेर तो पाइप उघडा होता, वर कसलंही आवरण नाही. त्यात थेंब-थेंब पाणी गोठत गेलं, तोंड बुजलं, पाणी उलटं बॉयलरमध्ये साचलं आणि बॉयलरने स्वतःला बंद करून घेतलं. रात्री आतून गुडगुड आवाज येत होता, हे आजींनी तेव्हा सांगितलं. घर गार झालं, मग पोटमाळाही गारठला आणि तिथला पाइप गोठला. सगळ्याचं मूळ तो बारीक पाइप!

त्यावर कोमट पाणी ओतलं. उकळतं ओतू नये, गारठलेलं प्लास्टिक तडकतं आणि अंगावर उडालं तर भाजतं. थोड्या वेळाने पाइपातून बर्फाची कांडी निसटली. रीसेट दाबला, बॉयलर लागला. गेजवर हीटिंगच्या पाण्याचं प्रेशर १.२ बार, नेहमीसारखंच होतं, म्हणजे हीटिंगच्या पाइपांत गळती नव्हती. ते पाहून फार हायसं वाटलं.

बाहेरच्या पाइपावर त्याच दिवशी आवरण चढवलं. नंतर तो बदलून ३२ मिलिमीटरचा, जमेल तितका आखूड आणि नीट उताराचा टाकला. जे मुळातच असं बसवायला हवं होतं ते बसवणाऱ्याने का टाळलं, याचा मला अजून राग येतो.

निघताना आजींकडून मेन व्हॉल्व्ह एकदा बंद-चालू करून घेतला. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह जाम होतो. हाही जड फिरत होता, म्हणून त्याला तेल देऊनच निघालो.