पद्मिनी परत आणायची का: ड्रायव्हरच्या बाजूचं सिल

बाबांची जुनी पद्मिनी गाडी परत घ्यायची का हे ठरवायला रविवारी सांगलीला जाऊन आलो. ज्याची धास्ती होती तेच निघालं. ड्रायव्हरच्या बाजूचं सिल, म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी, कुजून गेलंय. बाहेरून बघितलं तर रंगसुद्धा धड आहे, आतून मात्र पार पोकळ.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना गाडी माहीत आहेच: 1986 ची पद्मिनी, पेट्रोल, हाताचे गिअर. बाबांनी 2004 मध्ये विकली, मधे आणखी एक मालक झाला, आणि आता ती सांगलीजवळ एका काकांच्या शेडमध्ये 2022 पासून उभी आहे. मी स्वतःला तीन अटी घातल्या होत्या. गाडी आपलीच असली पाहिजे, कागद सरळ असले पाहिजेत, पत्रा जिवंत असला पाहिजे. इंजिन त्या यादीत मुद्दाम घेतलं नव्हतं. "आधी इंजिन बघ" असं बऱ्याच जणांनी कळवलं, पण माझं मत बदललेलं नाही. 1089 सीसीचं ते साधं इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही कुणीही उघडून बोअर करून देईल. लेथवाला बुश वळून देतो, व्हॉल्व्ह सीट बसवून देतो. कुजलेली बॉडी पुन्हा सरळ उभी करणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

पहिली अट दहा मिनिटांत सुटली. बॉनेटखालचा पंच केलेला नंबर बाबांच्या जुन्या विम्याच्या कागदाशी जुळला. त्याआधीच माझी खात्री झाली होती, कारण डॅशच्या खाली घराच्या बेलचं लाल बटण अजून तसंच आहे. स्टेअरिंगवरची हॉर्नची रिंग बिघडल्यावर बाबांनी ते लावलं होतं. सोबत नेलेली बॅटरी जोडली, बटण दाबलं आणि हॉर्न वाजला. वीस वर्षांनी, पहिल्या दाबाला. शेडमधली कबुतरं उडाली, काका घरातून धावत बाहेर आले. मी आणखी दोनदा वाजवला.

आता सिल.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. 1953 च्या इटालियन फियाट 1100/103 पासून, जिच्यावरून पद्मिनी आली, ही गाडी एकसंध बॉडीची आहे. दाराखालच्या दोन लांब पोकळ पेट्या, मधला फ्लोअर आणि दारांचे खांब मिळून जे होतं, तीच तिची चॅसिस. त्यामुळे सिल कुजलं म्हणजे नुसता दिसणारा भाग कुजला असं होत नाही, गाडीचा कणा गेला. हे माहीत असूनही पहिल्या भेटीत मी फसलो होतो. वाकून पाहिलं, काळं चकचकीत दिसलं, आणि "खालून ठणठणीत" असं इथे लिहूनही मोकळा झालो. ते मागे घेतो.

या वेळी तयारीने गेलो. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून फिरवलं तर खालच्या चार बोटांत तीन ठिकाणी ते धरेचना. म्हणजे तिथे पत्रा नाही, वरून भरलेली लांबी (पुटी) आहे. मग चांभाराची आरी घेतली आणि खालून हलकेच टोचली. दोन ठिकाणी ती मुठीपर्यंत आत गेली.

खरी परीक्षा जॅकची. लाकडाचा ठोकळा मधे घालून सिलच्या मध्यावर जॅक लावला, म्हणजे गाडीची दोन्ही टोकं आपल्या वजनाने खाली ओढतात. बॉडी मजबूत असेल तर दाराच्या फटी हलत नाहीत. डाव्या बाजूला पुढच्या दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट चाकांवर असताना 4 मिमी होती, उचलल्यावर साडेचार. छान. उजवीकडे तीच फट 4 वरून 9 वर गेली, दाराचं कुलूप खांबावरच्या खाचेत बसेना, आणि ठोकळ्याखालून कचकच आवाज येऊन वाळलेला गाळ पिठासारखा खाली पडायला लागला. जॅक लगेच उतरवला. तेव्हापासून ते दार नीट बंद होत नाही. गाडी पुन्हा चाकांवर आली, पण जिथे होती तिथे ती पूर्ण परत बसलेली नाही.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: ही परीक्षा करा, पण मालकाला आधी विचारून करा. मी विचारलं होतं. तरीही दार अडकलेलं पाहून काकांचा चेहरा उतरला, आणि ते मला लागलं.

मग सिलच्या पुढच्या टोकाचं रबरी बूच काढून आत पाहिलं. फोनला जोडायचा स्वस्त कॅमेरा यासाठीच मागवला होता. त्याचा काही उपयोग नाही. जवळचं धूसर दिसतं, लांबचं काळं दिसतं, आणि भिंगाला धूळ लागली की संपलं. शेवटी दातांचे डॉक्टर वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि टॉर्च यांनीच काम केलं. आत तळाशी बोटभर गाळाचा थर. तारेने उकरून उकरून काढला तर अर्धं घमेलं भरलं.

हा गाळ कृष्णेचा आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची. काका सांगतात की गाडीच्या दारांच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. त्यांनी आठवडाभरात ऑइल बदललं, सीट उन्हात वाळवल्या, ब्रेकचे ड्रम उघडले, आणि गाडी नंतर तीन वर्षं चालली. सगळं बरोबर केलं. चूक झाली ती पुढच्या टप्प्यावर. गंज चढू नये म्हणून एका ठिकाणी त्यांनी खालून जाड डांबरी कोटिंग मारून घेतलं. सिलच्या तळाला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती त्या कोटिंगने बुजली. आत ओला गाळ, बाहेर डांबर. शेडच्या जमिनीला उतार उजवीकडे आहे, म्हणून ओल त्याच बाजूला साचून राहिली असावी.

बाबा दर मे महिन्यात जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून खालून फवारायचे. दोन दिवस घरासमोर वास यायचा, आई वैतागायची. डावीकडच्या सिलची बूचं काढली तर आत त्या ऑइलचा काळा चिकट थर अजून आहे आणि त्याखाली पत्रा शाबूत. कोटिंग करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आधी आतून धुवा, पूर्ण वाळवा, भोकं मोकळी ठेवा, मग हवं ते मारा.

सोबत नेलेले मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "दादा, वरनं पत्रा मारून देतो. पंधरा हजारांत काम, कळायचं बी न्हाई." मिस्त्री चांगले आहेत, डेंटिंगमध्ये त्यांचा हात सुरेख आहे, पण याला मी तयार नाही. कुजलेल्यावर पत्रा चिकटवला की वेल्डिंगला धरायला धड धातूच मिळत नाही, आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. मी म्हटलं, कापून आतलं-बाहेरचं दोन्ही सिल नवं करायचं तर? त्यांनी थोडा विचार करून साठ ते सत्तर हजार सांगितले, फ्लोअरच्या कडेसह.

त्या रात्री मी जवळजवळ नाही म्हणायचं ठरवलं होतं. काकांनी गाडीचे पंच्याऐंशी हजार सांगितले आहेत. त्यावर सिल, रंग, ब्रेकच्या चारही ड्रमची व्हील सिलिंडर किट, मास्टर सिलिंडर, किंगपिन, टायर यांचा खर्च. शिवाय कागद. नोंदणीची मुदत 2021 मध्ये संपली आहे. आता 20 वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचेच 10,000 रुपये, त्यावर उशिराचे महिन्याला 500, वर पर्यावरण कर. 50 वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी आपल्याला 2036 शिवाय लागू नाही. नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते, म्हणजे ती चालती झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाहीत. तोवर सगळा पैसा दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत. एवढ्या पैशांत चालू अवस्थेतली दुसरी पद्मिनी मिळेल, हे मला कळतं. पण ती बाबांची नसेल, हेही कळतं, आणि या दोन्ही गोष्टी मी एकाच वहीत मांडू शकत नाही.

सोमवारी पहिला विचार आला तो मुंबईतल्या कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराचा. टॅक्सींच्या कापलेल्या बॉडीतून उजवं सिल आणायचं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे आता जे आहे तो उरलेला साठा. टॅक्सी होत्या तोवर किट, रबर, काच, काहीही मिळायचं. आता दुकानदार शेल्फवरचं संपवतायत. फोटो मागवले. एका दुकानदाराने प्रामाणिकपणे कळवलं की समुद्राच्या हवेत राहिलेल्या गाड्यांची सिल आधीच अर्धी गेलेली असतात, घेऊ नका. असा विक्रेता जपून ठेवावा. यांच्याकडूनच दिव्यांच्या कडांची रबरं घेणार आहे.

मग हे लिहायला बसलो आणि अर्ध्यावर असताना सुचलं की नमुना तर गाडीवरच आहे. डावं सिल धड आहे. त्यावर पुठ्ठा धरून दर पंधरा सेंटीमीटरवर आकार काढायचे, उलटे करायचे, की उजव्याचा साचा तयार. उद्यमनगरात ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याला लगेच फोन केला. 1.2 मिमी सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा दीड मीटर लांबीत वाकवून देतो म्हणाला. सिलला पुढे किंचित गोलाई आहे, ती हातानेच काढावी लागेल, पण बाकीचं सरळ आहे. आत मधोमध आडवी पट्टी असते तीही त्याच पत्र्याची. जोड सीओटू वेल्डिंगने मारायचे. गॅस वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा लाटेसारखा वळतो. जोडांच्या आत वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, वरून इपॉक्सी. रेड ऑक्साइडवर माझा विश्वास नाही, ते ओल धरतं.

कापण्याआधी मात्र दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार मारायचे, आणि दाराच्या फटी मोजून पाइपवर खडूने आकडे लिहायचे. एका वेळी फक्त बाहेरचं किंवा फक्त आतलं सिल काढायचं. दोन्ही एकदम काढली तर गाडी जशी वाकेल तशीच ती कायमची वेल्ड होईल.

इंजिनचं थोडक्यात. टॉप गिअरमध्ये टाकून गाडी ढकलली तर फिरतं, जाम नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, थंड असताना 110, 105, 108 आणि चौथ्यात 60 पीएसआय. चौथ्यात चमचाभर ऑइल घातल्यावर 95 झालं, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, पिस्टनच्या रिंगांचा. मला याचा मोठा आनंद झाला.

आणि आज संध्याकाळी काकांचा फोन आला. मीच करणार होतो, पण त्यांनी आधी केला. मी सगळं खरं सांगितलं: सिल, खर्च, कागद, आणि माझ्याकडून पन्नासच्या वर जमणार नाही हेही. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भंगारवाला साठ देतोय. पण तो तोडणार. तुम्ही परत रस्त्यावर आणणार असाल तर पन्नासला न्या की."

पाच हजार लगेच पाठवले. म्हणजे घेतली.

त्यामुळे बेत बदलला. काम सांगलीत करायचं होतं, ते आता कोल्हापुरात, उद्यमनगराजवळ, म्हणजे साच्यासाठी रोज जाता येईल. पण आहे त्या अवस्थेत ती टेंपोवर ओढून चढवली तर पुढच्या हुकाला बसणारा हिसका सरळ उजव्या सिलवर येईल. म्हणून पुढच्या रविवारी आधी शेडमध्येच पाइपचे आधार मारायचे. वेल्डिंग मशीन मिस्त्री घेऊन येणार आहेत. वरून पत्रा मारण्यावरून आमचा वाद झाला होता, पण आधाराची कल्पना ऐकून तेच म्हणाले, असंच करू.

एक मदत हवी आहे. आतलं सिल वाकवून बनवणं अवघड आहे, तिथे कारखान्यातला दाबलेला भाग मिळाला तर उत्तम. सोलापूर, बार्शी, लातूर या कोरड्या भागात कुठे मोडीत निघालेली पद्मिनी उभी असेल तर कळवा. फक्त उजवी बाजू हवी, पुढच्या खांबापासून मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हुकापर्यंत. आरी टोचून बघितल्याशिवाय "चांगली आहे" म्हणू नका.

तोवर दार सुतळीने बांधून ठेवलंय. काका म्हणाले, रोज बघतो, सुटू देणार नाही.