पुराच्या नकाशासाठी परक्या उपग्रहांची गरज का पडते?

‘इस्रोचे एवढे उपग्रह असताना पुराच्या वेळी परदेशी उपग्रहांच्या प्रतिमा कशाला लागतात?’ हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतोच. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी नाराजी असते. या प्रश्नाचे उत्तर मात्र देशाच्या क्षमतेत सापडत नाही, ते कक्षेच्या गणितात आहे. पृथ्वीचे निरीक्षण करणारे बहुतेक उपग्रह पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. तेवढ्या वेळात खाली पृथ्वी फिरलेली असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्यांच्या नजरेखाली वेगळा पट्टा येतो आणि जुन्या पट्ट्यावर ते काही दिवसांनीच परततात. अमेरिकेच्या लँडसॅटला त्यासाठी १६ दिवस लागतात, युरोपच्या सेंटिनेल-१ ला १२, तर आपल्या रिसॅट-१ ला २५ दिवस लागत असत. कॅमेरा वा रडार तिरपे वळवून हा अवधी कमी करता येतो, पण पुराचे पाणी कधी कधी दोनच दिवस टिकते आणि ढिगाऱ्याखालच्या माणसाजवळ त्याहूनही कमी वेळ असतो. त्या क्षणी ज्या कोणाचा उपग्रह डोक्यावरून जाणार असेल, त्याच्याकडे मागणी करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

हे ओळखून १९९९ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक परिषदेनंतर युरोपीय अवकाश संस्था आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांनी एक सनद तयार केली. ‘इंटरनॅशनल चार्टर: स्पेस अँड मेजर डिझास्टर्स’ हे तिचे नाव. कॅनडाही लवकरच सामील झाला आणि नोव्हेंबर २००० पासून सनद प्रत्यक्ष अमलात आली. त्याच महिन्यात स्लोव्हेनियात दरड कोसळली आणि सनदेचा पहिला वापर झाला. जानेवारी २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हाही ती कार्यान्वित झाली. भारत त्या वेळी सदस्य नव्हता, इस्रो त्याच वर्षी पुढे सामील झाली. आज सदस्यांत अमेरिका, रशिया, चीन, जपान, भारत, ब्राझील अशा देशांच्या संस्था आहेत, म्हणजे एरवी एकमेकांच्या उपग्रहांकडे संशयाने पाहणारे देशही आहेत.

सनदेची कार्यपद्धती मला तिच्या ध्येयवाक्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेली संस्था दिवसरात्र उघड्या असलेल्या एकाच ठिकाणी मागणी नोंदवते. तिची ओळख पडताळली जाते. मग पाळीवर असलेला अधिकारी कोणत्या संस्थेचा कोणता उपग्रह आधी पोहोचेल ते पाहून प्रतिमा मागवतो आणि एक प्रकल्प व्यवस्थापक त्या प्रतिमांवरून नकाशे तयार होण्याकडे लक्ष देतो. कोणी कोणाला पैसे देत नाही. सनद म्हणजे कायद्याने बांधणारा करार नव्हे, शक्य तितके प्रयत्न करण्याचे ते आश्वासन आहे, आणि माझ्या मते ती इतकी वर्षे टिकण्याचे हेही एक कारण असावे. युद्धे तिच्या कक्षेबाहेर आहेत, आणि हळूहळू पसरणारा दुष्काळही. अधूनमधून तिचा वापर अनपेक्षित कारणासाठीही झाला आहे: मार्च २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच-३७० हे विमान बेपत्ता झाले तेव्हा चीनच्या विनंतीवरून हीच यंत्रणा हलवण्यात आली होती. सदस्य नसलेल्या देशांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांनाही थेट मागणी करण्याचा मार्ग २०१२ साली खुला झाला.

नेपाळ सदस्य नाही, आणि २५ एप्रिल २०१५ रोजी तेथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा या व्यवस्थेची मोठी परीक्षा झाली. सनद कार्यान्वित झालीच, शिवाय निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांचा एक स्वयंसेवी गट काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साथीने दरडी शोधण्याच्या कामाला लागला. अनेक सरकारी आणि खासगी उपग्रहांच्या प्रतिमा तपासून त्यांनी ४,३१२ दरडींची नोंद केली. लांगटांग खोऱ्यातील गावावर बर्फ आणि दगड कोसळून ते जवळजवळ नाहीसे झाले होते. भूकंपाने हिमनदी-सरोवरे फुटतील ही भीती मोठी होती. म्हणून ४९१ सरोवरे तपासली गेली आणि त्यांपैकी फक्त नऊ सरोवरांना दरडींचा उपद्रव झालेला आढळला. धोका कोठे नाही हे कळल्यामुळे मोजकी हेलिकॉप्टर आणि माणसे नेमकी कोठे पाठवायची हे ठरवणे सोपे जाते, ही गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. पूर येतो तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांची पांढरी चादर सोडून काही दिसत नाही. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आणि अंधारातूनही जातात; शांत पाण्यावर पडल्या की त्या दुसऱ्याच दिशेला परावर्तित होतात, म्हणून प्रतिमेत पाणी काळे दिसते. हे ऐकायला जितके सोपे आहे तितके सांगली-कोल्हापूरकडे ते लागू पडत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी डोक्याइतका ऊस उभा होता. रडारच्या लहरींचे त्यांच्या लांबीनुसार ‘बँड’ पाडलेले असतात; सेंटिनेल-१ सारख्या सी-बँड रडारची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीची असते. ती उसाच्या पाल्यातच अडकते आणि खाली पाणी असूनही शेत कोरडे भासू शकते. शहरात याच्या उलट घडते: पाणी आणि भिंती यांवरून दोनदा आपटून परतलेली लहर बुडालेली गल्लीदेखील उजळ दाखवते. शिवाय रडारच्या नकाशात पाण्याचा विस्तार दिसतो, खोली दिसत नाही. सांगलीतल्या माणसाला तर आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे हे हवे असते. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे कोणताही उपग्रह सांगत नाही, ते तेथील मोजपट्टीच सांगते.

म्हणूनच ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या नासा आणि इस्रोच्या संयुक्त रडार उपग्रहाकडे मी उत्सुकतेने पाहतो. त्यावरचे एल-बँड रडार नासाचे आहे, एस-बँड इस्रोचे. एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची असल्यामुळे तिला उसातून खालपर्यंत पोहोचण्याची शक्यता बरीच अधिक आहे. त्याची विदा (डेटा) सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. तरीही त्याच पट्ट्यावर येण्याचा त्याचा अवधी १२ दिवसांचाच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१ च्या जोडीतला एक उपग्रह निकामी झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या जागी दुसरा सोडेपर्यंत सहा दिवसांचा अवधी पुन्हा बारा दिवसांवर गेला होता. त्या काळात पूर आलेल्या किती देशांना याची झळ बसली असेल, त्याचा हिशेब कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

इस्रोच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रात आपल्या आणि परक्या, दोन्ही प्रकारच्या उपग्रहांच्या प्रतिमांवरून पुराचे नकाशे बनतात. पुढच्या टप्प्यावर माझा आक्षेप आहे. नकाशा तालुक्याच्या सीमांसह येतो, पण तलाठ्याला पंचनाम्यासाठी गट क्रमांक लागतो. तो थर नकाशावर चढवण्यासाठी कोणत्याही परदेशी संस्थेची परवानगी लागत नाही. भूमी अभिलेखांचे गावनकाशे आपल्याच राज्यात आहेत आणि हे काम पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात करून ठेवता येण्यासारखे आहे.