हॅवलॉकची वेगवान बोट आणि काचेमागचा समुद्र

अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरचं आता श्री विजयपुरम झालंय आणि तिथलंच हॅवलॉक बेट 2018 पासून स्वराज द्वीप आहे, तरी जेट्टीवर सगळ्यांच्या तोंडी जुनीच नावं. मीही तीच लिहिते. सेल्युलर जेल आणि रॉस बेट यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला बोलायचंय ते हॅवलॉकच्या बोटीबद्दल.

जाताना खासगी कॅटामरान होती. दोन अरुंद बुडांवर उभी असल्याने ही बोट पाणी कमी कापते आणि सुसाट पळते. साधारण दीड तासात हॅवलॉक. पण आत शिरलं की एसी, बंद खिडक्या, टीव्हीवर मोठ्याने गाणी. काचांवर खाऱ्या पाण्याचे ओघळ वाळलेले. डेकवर जाऊ का विचारलं, तर बोट चालू असताना परवानगी नाही.

शेजारी साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. तोंड काचेला लावून बसलेल्या. म्हणाल्या, "अगं, समुद्र कुठं दिसतोय यात?" मला खरंच वाईट वाटलं. पुढे लाटा वाढल्या, बोट हिसके द्यायला लागली आणि आजींना बोट लागली. कर्मचारी मुलगा पिशवी घेऊन धावत आला, पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण उतरेपर्यंत आजींनी डोळे उघडले नाहीत.

राधानगरचा किनारा सुंदर आहे, गर्दी सूर्यास्तालाच.

परतताना सरकारी बोट मिळाली. वेळ जास्त, बाकडी कडक, पण डेक मोकळा! भाजीच्या पाट्या, सायकली, बंगालीत गप्पा मारणारी माणसं; फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांची ही वस्ती. कठड्याशी उभी होते, तर बोटीच्या नाळेपासून उडत्या माशांचा थवा सुटला. वीतभर लांबीचे, चकाकते, पंख ताणून पाण्यालगत चांगलं लांबवर तरंगत गेले. तेव्हा आजींची फार आठवण झाली.

सरकारी तिकिटात बेटवासीयांना प्राधान्य असतं, ते योग्यच. त्यांची ती एसटी आहे. पर्यटकांचा भार खासगी बोटींवरच पडणार. मग त्यांनी एवढं तरी करावं: खिडक्या रोज धुवाव्यात, आणि बेट जवळ आल्यावर वेग उतरतोच, तेव्हा मागचा डेक उघडावा. इतके पैसे मोजून आलेल्या माणसाला दहा मिनिटं समुद्र दिसायला हवा.